टायटल बारमधली शेवटची रेघ

आज मी जो काही आहे तो दत्ताकाकांमुळे. लालबागच्या चाळीतले दत्ताकाका पेंटर, दुकानांचे बोर्ड रंगवणारे. देवरुखहून कॉलेजसाठी आलो तेव्हा ओळख ना पाळख, त्यांनी मला तीन वर्षं पोटमाळ्यावर राहू दिलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी... त्या पोटमाळ्यावरच झालो. पुढचं वाचून हसू येईल. माझाही असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता.

मी परळला, मोबाईल ॲप बनवणाऱ्या कंपनीत आहे. मागच्या वर्षी काकांना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. "अक्षर संपलं रे माझं," एवढंच म्हणायचे. म्हणून त्यांच्या जुन्या वहीतल्या अक्षरांचा मी फॉन्ट केला आणि आमच्या नव्या ॲपच्या टायटल बारला, म्हणजे वरच्या नावाच्या पट्टीला लावला – 'घरचा डबा'.

सगळं छान, पण नावाच्या शेवटी अक्षरांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली. फॉन्टमध्ये रेघ अखंड, ॲपमध्ये इतरत्र तीच अक्षरं नीट. फक्त टायटलमध्ये फट... चाचणीच्या तिन्ही फोनवर, त्याच जागी. सीनियर मॅडम म्हणाल्या, "चारपर्यंत बघ. नाहीतर साधा फॉन्ट टाक. हौस पुरे."

जेवणाच्या सुट्टीत एक फोन घेऊन लालबाग गाठलं. काढून टाकण्याआधी काकांनी एकदा बघावं, एवढंच मनात.

काकांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "माझंच अक्षर की रे मेल्या! आणि रेघ पुरी कशी असेल? शेवटचा तुकडा मी मालकासमोरच ओढतो. मालक कोण?"

हे मला ठाऊकच नव्हतं. ते बोर्ड रंगवायचे तेव्हा मी कॉलेजात असायचो.

"कंपनी," मी म्हणालो.

"कंपनी काय बोर्डाखाली येऊन उभी राहते? बनवलंस तू. राहा उभा समोर."

मी उभा राहिलो. काकांनी डाव्या हाताचं बोट काचेवरून हळूच ओढलं. फट गेली.

स्क्रीनचा घोळ असेल म्हणून ऑफिसात आलो, तर टेबलावर राहिलेल्या दोन्ही फोनवरही रेघ अखंड! "काय बदललंस?" मॅडमनी विचारलं. कोडमध्ये अक्षरही बदललं नव्हतं, फोनवर नवीन काही टाकलं नव्हतं. कारण अजून सापडलेलं नाही...

काका आता लेकीकडे सावंतवाडीला असतात. परवा त्यांना पत्र पाठवलं, ते असं –

"ती. काकांस सा. न.
तुमचं अक्षर आता लोक रोज डबा मागवताना बघतात. तेव्हा संपलं म्हणू नका. आता आणखी एका नव्या ॲपचं नाव तुमच्याच अक्षरात लिहून ठेवलंय. शेवटची रेघ या वेळी मी मुद्दाम सोडली आहे. मी समोर उभा राहतो. तुम्ही या.
तुमचा, प्रकाश"