वजाभोवतीचं वर्तुळ

पती गेल्यावर लिंबायतमधली त्यांची सातवीची शिकवणी मी चालवू लागले. त्यांची गणिताची वही तेव्हापासून सापडत नव्हती. एका मुलीच्या उत्तरांत प्रत्येक वजाचिन्हाभोवती ते वहीत काढायचे तसंच वर्तुळ दिसलं आणि वही हिनेच नेली, हा माझा संशय पक्का झाला. सगळ्यांदेखत मी तिचं दप्तर उपसलं. वही नव्हती.

"मग हे वर्तुळ कुठून आलं?"

"माझं चिन्ह नेहमी सुटायचं, टीचर. सर म्हणाले, तुझे पप्पा लूमवर तुटलेला धागा बांधतात ना, तसं चिन्ह आधी बांध."

मी फळ्यावर लिहिलं: −१/२ − ३/४. तिने आधी दोन्ही वजांना वर्तुळं काढली, मग उत्तर लिहिलं: −५/४.

"बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले आणि खाली बसून तिची पुस्तकं दप्तरात भरू लागले.