उभा होतो

निळ्या ताडपत्रीतून गाळून येणारे ऊन तुम्ही कधी तळहातावर घेतले आहे का? बाहेर चैत्रातला पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा प्रकाश असतो आणि चार बांबूंच्या आत मात्र एखाद्या डोहाच्या तळाशी असावा तसा निळसर, थरथरता उजेड साचलेला असतो. त्या उजेडात माणसाची कांती निळी दिसते, पांढरा सदरा निळा होतो, लाल मिरचीच्या ढिगावर काळपट जांभळी छटा चढते. गेल्या महिन्यात पाचोडच्या आठवडी बाजारात मी तसा हात पुढे धरून उभा राहिलो आणि तीन वर्षे जपून लपवलेला माझा अपराध माझ्याच तळहातावर निळाशार उमटलेला मी पाहिला. तो अपराध अवघ्या दोन शब्दांचा होता. ते शब्द मी लिहिले होते आणि ते खोटे होते.

तोवर हे कोणाला सांगितले नव्हते. पत्नीलाही नाही. आज तुम्हांला सांगतो आहे, ते मन हलके व्हावे म्हणून नव्हे. ज्या माणसाचे ऋण या अपराधाच्या तळाशी आहे, त्याचे नाव कृतज्ञतेने घेता यावे म्हणून.

आमच्या शहरात रंगांचे वेड असलेल्या, उतारवयातल्या तीसेक जणांचा मोबाइलवर एक समूह आहे. त्याचे नाव ‘ओला कागद’. कोणी शिंपी, कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी औषधांच्या दुकानात; मी सरकारी कचेरीत. दर रविवारी प्रत्येकाने जलरंगातले एक चित्र समूहावर ठेवायचे आणि इतरांनी त्यावर मोकळेपणाने लिहायचे. समूह सुरू केला तो सुनंदाताईंनी, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिकेने. पहिल्याच आठवड्यात ‘छान’, ‘अप्रतिम’ आणि जोडलेल्या हातांच्या चिन्हांचा खच पडलेला पाहून त्यांनी खडसावले होते, “दारातून हात हलवून पुढे जाऊ नका रे. आत या, बसा, मग बोला.” आणि त्यांनी एक नियम घालून दिला. चित्रकार जिथे उभा राहून चित्र काढतो, तिथे स्वतः जाऊन उभे राहिल्याखेरीज त्या चित्रात दोष काढायचा नाही. जाता आले नाही तर प्रश्न विचारा, निवाडा देऊ नका. जाऊन आलात तर मनात आहे ते स्पष्ट लिहा आणि लेखनाखाली सही करावी तसे दोन शब्द लिहा: ‘उभा होतो’ किंवा ‘उभी होते’.

केवढा साधा नियम, आणि केवढा सुज्ञ! या पडद्यावर आपला अंगठा किती चपळ असतो! कोणाच्या महिनाभराच्या श्रमावर तो क्षणार्धात फिरतो आणि पुढे सरकतो. पायांना मात्र वेळ लागतो. पायांना एस.टी.ची वाट पाहावी लागते, ऊन सोसावे लागते, पत्ता विचारावा लागतो. आणि एवढे सोसून माणूस त्या जागी पोहोचला की त्याच्या मनातला कडवटपणा वाटेतच कुठेतरी गळून गेलेला असतो. मग उरते ती केवळ दृष्टी.

रशीदभाई हे त्या नियमाचे मूर्तिमंत रूप होते. शहागंजात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. वय पासष्टीच्या घरात, एक गुडघा कायमचा दुखरा. बंद पडलेले घड्याळ हाती आले की ते लगेच उघडत नाहीत. आधी कानाला लावतात. डोळे मिटून काही क्षण ऐकतात. “पैले त्याचं म्हननं ऐकावं,” ते म्हणतात, “मग पोटात हात घालावा.” त्यांची टीकाही तशीच असे, आधी ऐकून घेतलेली.

एकदा मी पिशोरच्या शिवारातल्या एका विहिरीचे चित्र समूहावर ठेवले. दगडी कठडा, त्यावर झुकलेले लिंबाचे झाड, पाण्यात उतरलेले आभाळ. मला ते फार साधले आहे असे वाटत होते. चार दिवस कोणी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी रशीदभाईंचा मजकूर आला. तो दुखरा गुडघा घेऊन, दोन गाड्या बदलून, ते पिशोरला जाऊन आले होते!

“साहेब, विहीर लई झक्कास. दगड तर हात लावावा असे. पन मी गेलो तवा तिथं तीन बाया पानी शेंदत व्हत्या, एक म्हातारा बिडी वढत व्हता. तुमच्यात एक बी नाय. मागची चित्रं बी काढून बघितली. माणूस दिसला तर पाठमोरा, नायतर नायच. तुमचं चित्र म्हंजे इतवारची कचेरी साहेब. सगळं जागच्या जागी, फक्त माणूस नाय. उभा होतो.”

समूहावर हशा पिकला. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. शिंप्याने विचारले, “साहेब, सोमवारी तरी कचेरी उघडनार का?” मीही एक हसरा चेहरा पाठवला आणि मोबाइल पालथा ठेवला.

मित्रहो, टीका खोटी असेल तर ती झटकून टाकता येते. खरी टीका अंगाला चिकटते. मी तीस वर्षे चित्रे काढत होतो आणि माणसाच्या चेहऱ्याला घाबरत होतो. हे मला ठाऊक होते आणि ते दुसऱ्या कोणाला कळू नये अशी माझी गुप्त धडपड होती. रशीदभाईंनी माझे झाकण उघडून नेमक्या त्या अडलेल्या चाकावर चिमटा ठेवला होता. ज्याचे उपकार मानायचे, त्याचाच मला राग आला. आपल्याला पुरते ओळखणाऱ्या माणसाचा आपल्याला एवढा राग का यावा?

दोन रविवारांनंतर त्यांनी पाचोडच्या बाजाराचे चित्र ठेवले. मिरच्या विकायला बसलेली एक बाई, अगदी जवळून पाहिलेली. तिचा चेहरा निळसर, हात निळसर, पुढ्यातला मिरचीचा ढीग जांभळा. त्या निळाईतून तिचे डोळे तेवढे ओले, जिवंत, कोणाची तरी वाट पाहणारे. चित्र विलक्षण होते. मला ते पहिल्या दृष्टिक्षेपातच कळले होते, आणि ते कळले होते म्हणूनच माझे पुढचे कृत्य अधिक निंद्य ठरते. पाचोड काही दूर नाही, बीडच्या रस्त्याने दीडेक तासाची एस.टी.; पण मी गेलो नाही. घरातल्या पंख्याखाली बसून, तोलून-मापून, सुसंस्कृत भाषेत मी लिहिले: ‘मिरची जांभळी आणि चेहरा निळा का, याचे उत्तर चित्र देत नाही. बाजारात असा रंग दिसत नाही. रंग पाहण्यात चित्रकाराच्या दृष्टीची मूलभूत चूक झालेली आहे.’ आणि खाली सही केली: ‘उभा होतो.’

त्यांचे उत्तर लगेच आले. “साहेब माझ्या चित्रापायी पाचोडपोत्तर गेले! एवढी इज्जत आजपोत्तर कोनी दिली नाय. शुक्रिया. मेरीच नजर धोका खाई होगी.” त्या संध्याकाळी त्यांनी तो कागद नळाखाली धरून धुऊन टाकला, जलरंगवाले न जमलेले चित्र धुतात तसा. तसे त्यांनीच लिहिले, जणू मी शिकवलेला धडा पाठ केल्याचे सांगावे इतक्या सहजपणे. पुन्हा जाऊन पाहावे, असे त्यांच्या मनात का आले नाही? मी पुढे पुष्कळदा विचार केला. एका माणसाने ‘उभा होतो’ असे लिहिल्यावर ते पडताळून पाहणे हा त्यांना त्या माणसाचा अपमान वाटला असावा.

त्यानंतर त्यांनी रंग सोडले. दर रविवारी त्यांचे चित्र येई, ते पेन्सिलीचे. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले: “रंगाचा भरवसा नाय ऱ्हायला.” वर्षभराने मी पत्नीचे मनगटी घड्याळ घेऊन दुकानात गेलो, तर त्यांनी ते हळूच माझ्याकडे सरकवले. “वहिनींचं बारीक घड्याळ नक्को साहेब. आता मी भिंतीवरचे अन् मोठे तेवढे घेतो. डाक्टर म्हनतो नजर चांगली हाय, पन त्याला काय कळतं? तुमी सांगितलं नसतं तर कोनाचं तरी घड्याळ खराब केलं असतं मी. शुक्र है, वेळेवर सांगितलं.” मी काय केले? मी घड्याळ खिशात घातले आणि हवापाण्यावर बोललो.

एका माणसाचा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास मी काढून घेतला होता, आणि तो माणूस माझे आभार मानत होता!

याच तीन वर्षांत माझ्या चित्रांत मात्र माणसे आली. आधी भिंतीला टेकलेली, मग चालती, मग एके दिवशी समोरून पाहणारी. रस्ता झाडणारी सखूबाई, चहाच्या गाड्यावर वाफेआड हसणारा युनूस. समूहाने कौतुक केले. नवे लोक आपली चित्रे आधी मला दाखवू लागले, कारण ‘साहेब जागेवर जाऊन बघतात आणि खरे तेच लिहितात’ अशी माझी ख्याती झाली होती. ते ऐकताना मी नम्रपणे मान खाली घालीत असे, आणि ती नम्रता आहे असे सर्वांना वाटे. कबुलीजबाब किती वेळा लिहिला आणि पुसला, त्याची गणती नाही. एका वाक्याने ती सारी प्रतिष्ठा जाणार होती, आणि या वयात पुन्हा मिळवायला वेळ कुठे उरतो?

लहानपणी शाळेच्या सहलीत अजिंठ्याला गेलो होतो. गुहेत काळोख होता. तेवढ्यात बाहेर उन्हात उभ्या असलेल्या एका माणसाने आरसा तिरका धरला आणि उन्हाचा कवडसा आत, भिंतीवर आला. तो हळूहळू सरकत गेला तसतसे त्या काळोखातून डोळे उघडले, ओठ उघडले, बोटे उघडली. आरसेवाल्याने भिंतीवर काहीच रंगवले नव्हते. तो फक्त बाहेर तापत उभा होता. खरी टीका मला नेहमी तशी वाटते. रशीदभाईंनी पिशोरच्या उन्हात उभे राहून माझ्यावर असा कवडसा टाकला होता. मी त्यांच्यावर टाकला तो काळोख, आणि त्याला प्रकाशाचे नाव दिले.

गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या नातवाच्या बारशाला पाचोडला जाणे झाले. परतताना बाजारातून चालत निघालो. ऊन असह्य झाले म्हणून एका ताडपत्रीखाली शिरलो आणि थबकलो. समोर मिरच्या विकणारी बाई होती. तिचा चेहरा निळा होता. मिरच्या जांभळ्या होत्या. रशीदभाईंच्या चित्राच्या चौकटीबाहेर राहिली होती ती एवढीच वस्तू: माथ्यावरची निळी ताडपत्री. त्यांनी कारण शोधले नव्हते. दिसले तेवढे प्रामाणिकपणे रंगवले होते.

मी हात पुढे करून तळव्याकडे पाहत राहिलो. बाई म्हणाली, “काय बघायलेत दादा? मिरची घ्यायची का नुसती सावली घ्यायची?”

शेजारची कांदेवाली हसली. “घेऊ दे गं सावली. त्येचं कुठं वजन करायचंय?”

मी पाव किलो मिरची घेतली. उन्हात आलो आणि पिशवीचे तोंड उघडून पाहिले. मिरची लालभडक होती.

एस.टी.त बसलो तेव्हा आधी मोबाइल काढला. सवय! समूह उघडला, ‘मित्रहो’ एवढे लिहिले आणि थांबलो. पडद्यावर लिहिलेले खोटे पडद्यावरच पुसले, तर ते पुन्हा अंगठ्याचेच काम झाले असते. पायांचे काम अजून राहिलेच होते. मोबाइल खिशात ठेवला, मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो आणि घरी न जाता चालत शहागंजात गेलो. वाटेत मला भय वाटत होते, हे खरे. पण त्या भयाच्या आतून दुसरेही काही दाटून येत होते. ज्याने माझ्यासाठी दुखरा गुडघा पिशोरच्या शिवारापर्यंत नेला, ज्याने माझ्या खोट्यातही माझे कष्टच पाहिले, ज्याच्या एका परखड वाक्याने माझ्या रिकाम्या कागदांवर माणसे आली, असा माणूस याच गावात, एका टपरीएवढ्या दुकानात, माझ्या वाट्याला यावा! किती जणांना एवढे भाग्य लाभते?

रशीदभाई एक मोठे घड्याळ कानाला लावून बसले होते. मला पाहून ते खाली ठेवले. “आओ साहेब! चा सांगू? बसा ना, उभे का?”

मी मिरचीची पिशवी त्यांच्या काउंटरवर ठेवली. आवाज ऐकू जाईल इतका मोठा काढला.

“उभं राहूनच सांगायचं आहे, रशीदभाई. तीन वर्षांपूर्वी मी पाचोडला गेलोच नव्हतो. घरी बसून लिहिलं, तुमचा राग आला होता म्हणून लिहिलं, आणि खाली खोटी सही केली. वर निळी ताडपत्री आहे. मिरची तिथं जांभळीच दिसते, बाईचा चेहरा निळाच दिसतो. तुमच्या नजरेला काहीही झालेलं नाही. समूहावर आज सगळ्यांसमोर लिहीन, पण आधी तुम्हांला सांगतो. तेव्हा मी उभा नव्हतो. आज उभा होतो. मला माफ करा.”