चिलर कोणी बंद केला

प्रयोगशाळेत तिला सगळे टिकटिकताई म्हणत. लांब ठेवलेल्या दिव्याच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, टिपायचा हे तिचं काम. तांदळाच्या दाण्याहून लहान अर्धवाहकाच्या तुकड्यावर कण पडला की यंत्रात एक टिक उमटायची. तो तुकडा मात्र कडक थंड ठेवावा लागे. जरा ऊब मिळाली की अंधारातही आपल्याच मनाने टिकटिकत बसे. त्याला थंड ठेवणारा चिलर एक वयस्कर तंत्रज्ञ सांभाळायचे. त्यांचं नाव पडलं होतं थंडोबा.

एका दुपारी, थंडोबा घरी गेल्यावर, तिला सासऱ्यांचा फोन आला. चिलरच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून तिने चिलरच बंद केला आणि परत सुरू करायला विसरली. थोड्या वेळाने टिकटिक धो धो वाढली. ताई हरखली. तापमान न बघताच तिने साहेबांना हाक मारली, "सापडले! लांबच्या दिव्याचे फोटॉन सापडले!" टाळ्या झाल्या, चहा झाला. सासऱ्यांनी तर अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंडोबा यायच्या आत, तिने कण टिपणाऱ्या त्या तुकड्यावर काळं झाकण लावून पाहिलं. टिकटिक तेवढीच. मग नजर चिलरकडे गेली. तो कालपासून बंदच होता, तिनेच बंद केलेला.

"असं कसं झालं?" कालची टिकटिक खोटी निघाल्याचं कळताच साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"चिलर बंद होता," ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण सगळे थंडोबांकडे बघू लागले, साहेबांनी त्यांना फैलावर घेतलं, आणि ताई मूग गिळून बसली.

नंतर कित्येक दिवस तिला घास गोड लागेना. शेवटी तिने साहेबांना खरं सांगितलं.

"मला काय सांगता? आधी त्यांना सांगा, मग सगळ्यांना."

थंडोबा पाइप पुसत होते. ऐकताना त्यांचे हात थांबले.

"म्हणजे मी तो सुरू केला होता?"

"हो, काका."

"मला वाटलं, माझं डोकंच गेलं. घरीही तसंच सांगितलं मी." मग हळूच म्हणाले, "संध्याकाळी घरी याल? हिला तुमच्या तोंडून ऐकू दे."

प्रयोगशाळेत सगळ्यांना खरं सांगून ती संध्याकाळी गेली. काकूंनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. 'जाऊ दे' मात्र म्हणाल्या नाहीत.

"गॅस बंद केलाय का, म्हणून हे सारखे उठून बघतात," त्या म्हणाल्या. "जेवताजेवतासुद्धा."

आतल्या खोलीतून काकांचा आवाज येत होता. ते लेकीला फोनवर सांगत होते, "अगं, मी नव्हतोच विसरलो!" इतके खूश होते, की ताईला तिथे बसवेना.