कापडी चाप

"आदी लोंबकळ, मंग भरवसा ठिव," असं म्हणत मामी दिसेल त्या दोराला हिसका देऊन बघायच्या. कपडे वाळत घालायची दोरी असो की शेळीचं दावं. मामी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. चौसाळ्यात माझी शिलाईची शेड आहे, तिथं त्या मशीनवर बसायच्या.

भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण मामींची तऱ्हाच वेगळी. उसाच्या ट्रकवरचा दोर सुटून मोळ्या नवऱ्याच्या अंगावर आल्या आणि तो गेला, तेव्हापासून कुठल्याच दोरावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. आणि नेमकं आमच्याकडे काम आलं तेही दोराचंच. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला शिडाच्या होड्यांसाठी कापडी चाप हवे होते. चाप म्हणजे जाड विणीची हलकी नळी. तिच्यातून दोर ओवायचा. पुढं ओढला की सरकतो, उलटा निघाला की नळी त्याला आवळून धरते.

"ह्याच्यावर काय टांगत्यात?" मामींनी विचारलं.

"शीड. कधी माणूससुद्धा, डोलकाठीवर चढवायला."

त्या दिवशी मामींनी डबाच उघडला नाही.

मग काय, एकेक चाप शेडमागच्या कडुलिंबाला बांधायचा, त्यात बैलाचा कासरा ओवायचा आणि स्वतः लोंबकळायचं. साठीची बाई, पदर खोचलेला, डोळे गच्च मिटलेले. आम्ही हसून हसून बेजार. चाप मात्र घट्ट धरायचे, म्हणून माल पाठवून दिला.

होडीच्या दोराचा नमुना आला तो माल गेल्यावर. मामींनी तो हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला. कासरा खरखरीत, त्याला काहीही धरेल. हा दोर तेल चोळल्यासारखा गुळगुळीत. एक चाप शेडमध्ये उरला होता. तो लिंबाला बांधून, नवा दोर ओवून त्या लोंबकळल्या. दोर सर्रकन सुटला आणि मामी खाली आपटल्या. मी धावले.

"मला ऱ्हाऊ दे. आदी फोन लाव."

व्यापारी म्हणाला, "एक चाप बसवलाय की. माणूस वर गेलाय आत्ताच."

फोन स्पीकरवर होता. मामींनी फोन हिसकावून घेतला.

"दादा, चापाच्या भरवशावर ठिवू नका तेला. दोघंतिघं मिळून दोर हातानं धरा, अन् हळूहळू उतरवा."

पलीकडून नुसता वारा आणि ओरडाआरडा ऐकू येत होता. मामींनी माझं मनगट धरलं होतं. दुखत होतं, पण सोडवून घ्यायची माझी छाती झाली नाही.

बऱ्याच वेळानं एक आवाज आला, "आलो खाली, मावशी. काय झालं?"

मामींनी माझं मनगट सोडलं. म्हणाल्या, "जेवलास का रं?"

माल परत मागवला. नळी लांब केली, नव्या दोरावर तपासली. आता ती पक्की धरते. मामी मात्र कामावर आल्या नाहीत. बोलवायला गेले तर चुलीपुढं बसल्या होत्या.

"मामी, अहो तो माणूस सुखरूप आहे. चापही आता सरकत नाही. मग का येत नाही तुम्ही?"

"न्हाई व्हायचं, माय," त्या म्हणाल्या. "शिवताना वर कोन चढनार ठावं नव्हतं. आता त्या पोराचा आवाज ऐकलाय म्या."