राजाची शिट्टी

पक्ष्यांमधलं मला बरंच कळतं, असा माझा एका रविवारी दुपारी चार वाजेपर्यंत समज होता.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पूर्वेला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. दोन हजार पाच-सहा साल असेल. मुलगी पिंकी सहा वर्षांची, तिला पोपट हवा होता. उल्हासनगरच्या पक्ष्यांच्या दुकानातला सिंधी शेठ म्हणाला, "पोपट रखना मना है, साईं. कॉकाटील ले जाओ. पक्षी फॉरेनचा, पण स्वभाव एकदम घरचा."

राखाडी अंग, पिवळं तोंड, कुणीतरी गालगुच्चा घेतल्यासारखे नारिंगी गाल आणि डोक्यावर तुरा. तुरा ताठ म्हणजे साहेब दचकलेत. तुरा चपटा करून फुसफुसले, की बोट मागे घ्यायचं (हे मला बोट चावून झाल्यावर कळलं). नाव ठेवलं राजा.

माझ्या वडिलांची, अण्णांची, इच्छा होती की राजानं आल्यागेल्याला 'जय भीम' म्हणावं. मग काय, फर्स्ट शिफ्ट संपवून आलो की मी पिंजऱ्यासमोर बसायचो. आधी त्याचं लक्ष वेधायला एक लांब शिट्टी, वर जाऊन खाली येणारी, आणि मग 'जय भीम'. दोन महिन्यांत राजानं त्यातली शिट्टी तेवढी उचलली. माझ्यापेक्षा चांगली.

"ही असली शिट्टी शिकवतात?" माझी बायको सुनीता म्हणाली. "कॉलेजच्या गेटवर मारतात तसली?"

"पक्ष्याला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

त्या रविवारी मी राजाला बोटावर घेऊन गॅलरीत गेलो. अण्णा म्हणाले, "उडून जाईल तो."

"अण्णा, दुकानातच पंख कापलेत त्याचे. उडणार कसा?"

(कापलेली पिसं गळून नवी येतात, ही माहिती मला पाच सेकंदांनी मिळाली.) शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, राजाचा तुरा ताठ झाला आणि तो समोरच्या बिल्डिंगकडे निघून गेला.

पिंकीनं भोकाड पसरलं. मी होतो तसाच, बनियनवर, खाली धावलो. राजा कुठं दिसेना. पण मला बरंच कळत असल्यामुळे मी घाबरलो नाही. हा थव्यात राहणारा पक्षी, ओळखीचा आवाज आला की उत्तर देतो. म्हणून मी वर बघून शिट्टी मारली. दुसऱ्या मजल्यावर भोईरवहिनी दोरीवरचे वाळलेले कपडे गोळा करत होत्या. त्यांनी खाली बघितलं आणि धाडकन दार लावून घेतलं. मी बाजूला सरकून पुन्हा मारली. तिथली खिडकी बंद झाली. नुसत्या शिट्टीनं भागत नाही म्हटल्यावर मी लाडीगोडी सुरू केली. "ये ना राजा. किती वाट बघायला लावशील?"

तासाभरात त्या बिल्डिंगची एक खिडकी उघडी राहिली नाही.

मग भोईर स्वतः खाली आले. एमआयडीसीत क्रेन चालवणारा माणूस, आणि हातही क्रेनचेच.

"काय गायकवाड, काय चाललंय?"

"पक्षी शोधतोय."

"आमच्या गॅलरीत? आता एक शिट्टी ऐकू येऊ दे फक्त."

मी तोंड गच्च मिटलं. तेवढ्यात शिट्टी आली. लांब, वर जाऊन खाली येणारी.

भोईरांनी माझं बनियन धरलं.

"मी नाही मारली."

"मग काय मी मारली?"

पुन्हा शिट्टी. या वेळी त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं आणि माझे ओठ हलले नव्हते, हे त्यांना दिसलं. त्यांनी हळूहळू मान वर केली. गच्चीवरच्या टाकीच्या पाईपवर राजा बसला होता, भेदरलेला.

मी शिट्टी मारली, त्यानं उत्तर दिलं. भोईरांनीही (बनियन न सोडता) एक मारून बघितली, तिलाही उत्तर मिळालं. पण खाली यायचं नाव नाही. त्यात टाकीवर दोन कावळे येऊन बसले. माझ्यामागून खाली आलेली पिंकी रडायची थांबली होती आणि नुसती वर बघत होती. ते जास्त वाईट होतं.

तेवढ्यात अण्णा सावकाश चालत आले. हातात स्टीलची वाटी, वाटीत राळ्याचे दाणे. राजाला रोज सकाळी दाणे अण्णाच घालायचे. शिकवणी माझ्याकडे होती. त्यांनी वाटी दोनदा खळखळवली, बस. राजा वरून सुटला तो थेट अण्णांच्या टकलावर उतरला.

भराभर खिडक्या उघडल्या. भोईरवहिनींनी तर टाळ्या वाजवल्या. अण्णा डोक्यावर राजा आणि बोटाला पिंकी घेऊन घरी गेले.

मी तिथंच उभा राहिलो. तासभर जीव तोडून शिट्ट्या मारल्या होत्या. त्या ऐकून माझ्याकडे धावत आलेला जीव एकच, आणि माझं बनियन अजून त्याच्याच मुठीत होतं.