मशीन गप्प होतं तेव्हा

नवऱ्याने दिवाळीच्या बोनसातून मेटल डिटेक्टर घेतला तेव्हा मी आधी हसले आणि मग चिडले. स्वयंपाकघरातला मिक्सर कधीचा धूर काढत होता. पण त्याचं म्हणणं, मिक्सर काय, कधीही घेता येतो. मशीन मधल्या किमतीचं होतं. स्वस्तातलं म्हणजे पोरांचं खेळणं, महागातलं म्हणजे धंदेवाल्यांचं आणि हे आपल्यासारख्या हौशी माणसाचं, असं तो घरी येईल त्याला समजावून सांगायचा. हौस होती गुप्तधनाची. पोर्तुगीज गोव्यातून घाईघाईत गेले, जाताना किती जणांनी चांदीची नाणी पुरून ठेवली असतील, हा त्याचा हिशेब. मी म्हटलं, आपल्या पार्श्यासारख्या गावात त्यांनी पुरल्या असतील तर काजूच्या बिया, आणि त्या केव्हाच उगवल्या.

मला त्या मशीनचं कौतुक नव्हतं, कारण मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगची लाइन बघते. तिथेही मेटल डिटेक्टर आहे. गोळ्यांत चुकून धातूचा कण गेला तर तो पकडायला. पाळी सुरू होताना आम्ही रोज त्याची परीक्षा घेतो. धातूचा बारीक मणी बसवलेली एक पट्टी असते, तिला टेस्ट पीस म्हणतात. ती मुद्दाम गोळ्यांबरोबर सोडायची. मशीनने पकडली तर काम सुरू, नाही पकडली तर लाइन बंद. मशीन कालपर्यंत शहाण्यासारखं वागत होतं, हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

नवऱ्याचं मशीन मात्र परीक्षा न देताच पास झालं होतं. समुद्रावर त्याला बियरची झाकणं आणि कॅनच्या कड्या मिळाल्या, पिशवी भरून. माझ्या माहेरी डिचोलीला नेलं तर ते गोठ्यापासून विहिरीपर्यंत नुसतं बोंबलत सुटलं. नवरा घामाघूम होऊन खणतोय आणि माझा भाऊ ओट्यावर बसून चहा पितोय. शेवटी भाऊच म्हणाला, "भावोजीनू, हंय खंयय खणा, लोखंडच गावतला. हंयची मातीच खाणीची." मग दोघांनी बसून माहितीपुस्तक वाचलं. मशीनची थाळी जमिनीवर वरखाली करत राहायची, बटन फिरवायचं आणि मातीचा आवाज बंद झाला की मगच शोधायला लागायचं. शिवाय एक बटन कचरा वगळण्याचं. ते दाबलं की खिळे, झाकणं, चांदीचे कागद, असल्या गोष्टींवर मशीन तोंड उघडत नाही. नवऱ्याला ते बटन फार आवडलं. झाकणांनी त्याची पुरेशी शोभा केली होती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात चतुर्थीपासून एक गोष्ट सलत होती.

आमच्या घरात मोठे दीर, आम्ही आणि धाकटी जाऊ अशी एकत्र चूल. धाकटा दीर बोटीवर, वर्षातले कितीतरी महिने बाहेर. जाऊ सिंधुदुर्गातली, वडील खाणीवर ट्रक चालवतात, लग्न होऊन आमच्याकडे तिची ती पहिलीच चतुर्थी. आमच्या घरी गणपतीच्या अंगावरचं सोनं विसर्जनाआधी घरीच उतरवतात, एक फूल सोडून. देवाला ओकाबोका पाठवायचा नाही म्हणून. ते फूल सासूबाईंचं, बायका केसांत माळतात तसलं, पातळ पत्र्याचं. मोठे दीर ते मुकुटाला तांब्याच्या तारेने बांधतात, मागून पीळ देऊन. गावच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पायरीवर शेवटची आरती झाली की तेच पीळ सोडतात, घरातली धाकटी सून पदर पसरते आणि ते फूल तिच्या पदरात टाकतात. देव जाता जाता लेकीला देऊन जातो, असं आम्ही मानतो. मीही नवी असताना पदर पसरला आहे.

त्या संध्याकाळी पाऊस बेफाम होता. छत्र्यांत छत्र्या अडकलेल्या, फटाक्यांचा धूर, व्हाळाला लोट. घरी येऊन पाहिलं तर फूल नाही. मोठे दीर म्हणाले, मी हिच्या पदरात टाकलं. जाऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनी, माझ्या पदरात कायच पडाक नाय. देवाशपथ."

चोर हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही. मोठे दीर वाईट माणूस नव्हेत, खोटं बोलणारे तर मुळीच नव्हेत. म्हणूनच पंचाईत होती. ते मनापासून सांगत होते. देवाच्या कपाटाची किल्ली वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला असायची, ती दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गेली. एवढंच. जाऊ पाण्याची कळशी घेऊन दिवसभर त्या रिकाम्या खिळ्यावरून येजा करायची. मला तिचा संशय आला नाही. ज्याने फूल लपवलंय तो उजाडायच्या आत उठून व्हाळाच्या पायऱ्या हातांनी चाचपत बसत नाही, आणि तिला मी तसं बसलेलं पाहिलं होतं. पण मला वाटून काय उपयोग? मला नुसता राग यायचा आणि तो मी भांड्यांवर काढायची.

काजू मोहरले, व्हाळाचं पाणी घोट्यावर आलं, तेव्हा मोठे दीर स्वतःच नवऱ्याला म्हणाले, तुझं ते मशीन एकदा व्हाळात फिरव. सगळे गेलो. नवरा पायऱ्यांखाली, दगडांच्या मधून, पार वळणापर्यंत थाळी फिरवत गेला. मशीन गप्प. एकदासुद्धा वाजलं नाही. जाऊ पायरीवर उभी होती, तिचा चेहरा बघवत नव्हता. मोठे दीर तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता मशीनय सांगता. व्हाळात फूल नाय."

घरी आल्यावर तिने बॅग काढली. म्हणाली, उद्या आईकडे जाते, परत यायचं की नाही ते नंतर बघू. इतके दिवस निदान तिच्या शब्दासमोर एका माणसाचा शब्द होता. आता मशीनही तिच्याविरुद्ध साक्ष देऊन बसलं होतं. मी तिला म्हटलं, "उद्याचा दिस ऱ्हव. माझ्यासाठी ऱ्हव."

मला झोंबलं होतं ते वेगळंच. इतक्या झाकणांच्या आणि कॅनच्या देशात मशीन एकदाही वाजू नये? कारखान्यात एखादी लाइन इतकी गप्प राहिली तर मी पहिली शंका मशीनवर घेते. आणि याला टेस्ट पीस लावलाय कोणी?

टेस्ट पीस माझ्याकडे होता. सासूबाईंनी त्या फुलाबरोबर त्याच सोनाराकडून तसंच दुसरं करवलं होतं आणि ते मला दिलं होतं. सकाळी पोदेर पाव देऊन गेल्यावर मी परसात माडाच्या आळ्याजवळ वीतभर खड्डा केला.

"अगो, सोन्याचां फूल मातयेत?" नवरा ओरडला.

"पुरतंय. गावलां तर तुझां मशीन खरां," मी म्हटलं.

त्याने व्हाळात जसं फिरवलं तसंच फिरवलं. मशीन गप्प. फूल थाळीच्या बरोबर खाली, मी स्वतः पुरलेलं, आणि मशीन बघतंय माडाकडे. नवऱ्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, आता तुझं लाडकं बटन बंद कर. कचरा वगळायचं बंद केलं आणि पहिल्याच फेरीला मशीन वाजलं, स्वच्छ. पडद्यावर आकडा आला. मग मी गुटख्याच्या पुडीचा चांदीचा कागद पुरला. आकडा जवळजवळ तोच. पातळ सोनं आणि चांदीचा कागद मशीनच्या लेखी एकाच पंगतीचे होते. कचऱ्यावर बोलू नकोस असं आपणच त्याला बजावलं होतं, आणि ते बिचारं आज्ञेबाहेर गेलं नव्हतं.

मी तशीच मोठ्या दिरांकडे गेले. म्हटलं, व्हाळावर चला, आणि खणायचं ते तुम्हीच खणा. माझं फूल मी धुऊन केसांत माळलं, सगळ्यांना दिसेल असं. नंतर कोणी म्हणायला नको की वहिनीने स्वतःचं टाकलं. जाऊ आली नाही. मीच तिला नको म्हटलं होतं.

या खेपेला मशीन वाजतच सुटलं. चिऱ्यांच्या पायऱ्यांजवळ तर थांबेचना, चिऱ्यातही लोखंड असतं. नवऱ्याने डिचोलीत शिकलेलं केलं, थाळी वरखाली करत बटन फिरवत राहिला, तेव्हा दगड गप्प झाले. उरलेल्या प्रत्येक आवाजावर मोठे दीर वाकायचे आणि खणायचे. पुडी. झाकण. उदबत्तीच्या पुड्याचा कागद. पुन्हा पुडी. ते कंटाळले, पण मी हलले नाही. खालच्या पायरीच्या पोटात, लोटाने पोखरून झालेल्या कपारीत, मशीन पुन्हा वाजलं. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि चिखलाचा गोळा बाहेर काढला. पाण्यात धरला. चिखल गेला आणि फूल पिवळंजर्द हसलं.

मी पायरीवर बसले आणि मला रडूच आलं, साडी भिजली तरी कळलं नाही. नवरा मशीन डोक्यावर घेऊन नाचायचा तेवढा बाकी होता. मोठे दीर मात्र फूल उलटं करून नुसते बघत होते. मागे तांब्याची तार तशीच होती. हिरवी पडलेली, पण त्यांच्या हातचा पीळ जसाच्या तसा. तो कोणी सोडलाच नव्हता. त्या पावसात त्यांनी फूल काढलं नव्हतं, ते देवाच्या मुकुटाबरोबरच पाण्यात गेलं होतं; दरवर्षीसारखं काढलं असंच त्यांना वाटत राहिलं होतं.

घरी जाऊ ओट्यावर बसली होती, शेजारी बॅग. मोठ्या दिरांनी फूल पुढे केलं. तिने ते घेतलं, उलटं केलं, तार पाहिली. ती रडली नाही. नखाने हळूहळू पीळ सोडवला, एक वेढा, मग दुसरा, आम्ही सगळे उभे. तार मोकळी झाली तशी तिने ती सरळ करून त्यांच्या तळहातावर ठेवली. मग स्वतःचा पदर स्वतःच पसरला आणि फूल त्यात टाकलं.

"आता पडलां," ती म्हणाली.

मोठे दीर खाली बघत म्हणाले, "चुकलां माझां, बाय." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि आत जाऊन दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. तिने बॅग उचलून खोलीत नेली, किल्ली घेतली, फूल कपाटात ठेवलं, आणि किल्ली पुन्हा खिळ्याला लावून चहाचं आधण ठेवलं.