घरपट्टीसाठी नेसलेलं इरकल

बनशंकरीच्या महापालिका कार्यालयात घरपट्टीच्या रांगेत आम्ही सगळे कुरकुरत उभे होतो. माझ्या पुढच्या बेळगावकडच्या बाई मात्र नवं इरकल नेसून, गजरा माळून आल्या होत्या.

"अक्का, इथून लग्नाला निघालात का?" मी विचारलं.

"नाही ओ. जन्म भाड्याच्या घरात गेला. आता स्वतःच्या दोन खोल्या झाल्यात. ही पहिली घरपट्टी."

कारकुनाने खिडकीतून पावती सरकवली, तरी त्या हलल्या नाहीत. कन्नडमध्ये म्हणाल्या, "अण्णा, मालकाचं नाव स्वल्प मोठ्यानं वाचा की."

त्याने वैतागून वर पाहिलं. गजरा दिसल्यावर मात्र घसा साफ करून त्याने खणखणीत आवाजात नाव वाचलं.

ते नाव आता मला आठवत नाही. त्यानंतर रांग फार हळू सरकली, एवढं आठवतं. प्रत्येकालाच आपलं नाव मोठ्यानं ऐकायचं होतं.